मोटारीची कुरकूर : कारण आणि उपाय



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे ही प्रथा महाराष्ट्रात गावोगाव रुजली. या व्यासपीठांवरून संतवाङ्मय, अर्थकारण, परराष्ट्रनीती असे थोर विषय मांडले गेले. अशा ठिकाणी मोटारीच्या पोटाखालून येणाऱ्या खडखडाटावर बोलायला एका कामगार कार्यकर्त्याला उभे केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी इंजिनिअर नाही. शाळा फार झाली नाही. गॅरेजमधल्या कामगारांची संघटना बांधताना त्यांच्या शेजारी उकिडवे बसून जे पाहिले, ऐकले, आणि मिळतील ती पुस्तके वाचून जे पडताळले, तेवढीच माझी शिदोरी आहे.

मला सांगायचे आहे ते थोडक्यात असे. मोटारीचा आवाज ही तिची तक्रार आहे. तक्रार दाबणे ही एक गोष्ट आणि तिचे कारण शोधणे ही दुसरी. आणि कारण शोधणे हेदेखील काम आहे. त्याला हात, कान आणि डोके लागते, आणि म्हणून त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. हे म्हणणे पटवण्यासाठी मी मुद्दाम एक अवघड उदाहरण घेणार आहे. ते म्हणजे, ज्या गाडीला कमीजास्त करता येणारे शॉक अ‍ॅब्झॉर्बर बसवले आहेत अशा गाडीचे.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. गाडीचे वजन स्प्रिंगवर असते. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग गाडीला वर फेकते. नुसती स्प्रिंग असती तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ झोपाळ्यासारखी हेलकावत राहिली असती. साधारण मोटारीचे धड सेकंदाला एक ते दीड हेलकावा घेते. चाक मात्र सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरते. या दोन्ही हालचालींना लगाम घालण्याचे काम शॉक अ‍ॅब्झॉर्बर करतो. आपले मिस्त्री त्याला ‘शॉकअप’ म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो. त्याच्या नळकांड्यात तेल असते. दांड्याला लावलेला दट्ट्या त्या तेलातून वरखाली जातो आणि तेलाला बारीक झडपांतून वाट काढावी लागते. त्या धडपडीत हालचालीची शक्ती उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावर बराच वेळ चाललेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो, तो यामुळेच. थोडक्यात, भार स्प्रिंग वाहते आणि शॉकअप तिला आवरतो. ही कामाची वाटणी ध्यानात ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल.

आता कमीजास्त करता येणारा शॉकअप म्हणजे काय? तेलाची वाट किती अरुंद ठेवायची हे बाहेरून ठरवता येते, एवढेच. कल्पना जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये त्रुफो आणि अमेरिकेत हार्टफर्ड यांचे घर्षणावर चालणारे शॉकअप आले. कात्रीसारख्या दोन भुजा आणि त्यांच्या सांध्यात घासणाऱ्या चकत्या, अशी त्यांची रचना होती. मधला नट आवळला की ते कडक होत, सैल केला की नरम. पुढे तेलाचे शॉकअप आले आणि आवळण्याची सोय झडपांकडे गेली. हॉलंडच्या कोनी कंपनीचे काही शॉकअप गाडीवरून उतरवून, पूर्ण दाबून, फिरवून जुळवावे लागतात. काहींना दांड्याच्या टोकाला कळ असते आणि बॉनेट उघडून ती फिरवता येते. काहींत फक्त परतीची चाल, म्हणजे दांडा बाहेर येतानाचा लगाम बदलतो. काहींत दाबाची चालही वेगळी जुळवता येते. अमेरिकेत २००२ साली कॅडिलॅक सेव्हिल गाडीत असे शॉकअप आले की, तेलात लोहाचे कण आणि भोवती विजेचे वेटोळे. लगाम विजेच्या प्रवाहाने बदलतो. तिथे कळ संगणकाच्या हाती गेली. पण चाकाजवळचे रबरी बुश, बॉल जॉइंट आणि नट-बोल्ट जसे होते तसेच राहिले. आवाज बहुधा तिथूनच येतो.

आपल्याकडेही आता तरुण मंडळी हौसेने असे शॉकअप बसवतात. गाडी वळणावर झुकू नये, घाटात रस्त्याला धरून चालावी, ही इच्छा समजण्यासारखी आहे. आपण स्विफ्टसारखी एक गाडी डोळ्यांपुढे आणू. पुढच्या चाकांना तिची रचना मॅकफर्सन स्ट्रटची आहे. मॅकफर्सन हे अमेरिकन इंजिनिअर. त्यांच्या या रचनेच्या फोर्ड गाड्या १९५० च्या सुमारास फ्रान्स-इंग्लंडात रस्त्यावर आल्या, आणि आज जगातल्या असंख्य लहान गाड्या तिच्यावरच धावतात. या रचनेत शॉकअप हा नुसता शॉकअप राहत नाही, चाकाला उभे धरणारा खांबही तोच असतो. खाली लोअर आर्म आणि त्याच्या टोकाला बॉल जॉइंट. वर बॉनेटखाली रबरी माउंटिंग आणि बेअरिंग. आणि दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार, जो लहानशा लिंक रॉडने स्ट्रटला बांधलेला असतो. मालकाने नवे शॉकअप बसवून घेतले, आणि महिन्याभरात पुढून ‘ठक्, ठक्’ असा आवाज येऊ लागला. तो गॅरेजमध्ये येऊन म्हणतो, “शॉकअप गेला, बदला.”

इथेच आपली परीक्षा सुरू होते. मालकाने सांगितला तो निष्कर्ष. आपल्याला हवी ती हकीकत. आवाज पहिल्यांदा केव्हा आला? काम करून घेण्यापूर्वी होता की नंतर आला? बारीक खडीवर येतो की मोठ्या गतिरोधकावर? एक चाक वर चढले की येतो की दोन्ही? सरळ जाताना, वळताना, की ब्रेक दाबताना? सकाळी गाडी थंड असताना जास्त की दुपारी? ज्यांनी कामगारांच्या तक्रारी ऐकल्या आहेत त्यांना हे प्रश्न ओळखीचे वाटतील. माणूस येऊन “साहेब वाईट आहे” असे म्हणतो. नीट विचारले की कळते, पाळीची वेळ बदलली आहे आणि शेवटची बस चुकते. तक्रार खरी असते, तिने दाखवलेले बोट मात्र नेहमी बरोबर जागेवर नसते.

आपल्या मराठीने या कामात मिस्त्रीची फार सोय केली आहे. आवाजाचे इतके शब्द आपल्याजवळ आहेत की, नेमका शब्द पकडला तर अर्धे निदान झाले. बारीक खडीवर सैल डब्यासारखी ‘खडखड’ येत असेल तर लिंक रॉडचे सांधे, ब्रेकचे पॅड, किंवा एखादा सैल पत्रा यांवर संशय घ्यावा. गतिरोधकावर एकच जड ‘धप्प’ आली तर शॉकअपची चाल संपून तो रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर बसतो आहे. हळू चढउतारावर ‘कुरकुर’ किंवा ‘करकर’ येत असेल तर रबरी बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग आखडून ‘टण्ण’ करून सुटत असेल तर वरचे बेअरिंग किंवा स्प्रिंगची बैठक. चाकाबरोबर वाढत जाणारी ‘घरघर’ असेल तर चाकाचे बेअरिंग. तिचा शॉकअपशी संबंध नाही. आणि ‘सुस्स’ असा तेलाचा हलका आवाज बऱ्याच चांगल्या शॉकअपमधून येतो. तो दोष नव्हे, ते यंत्राचे श्वास घेणे आहे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असत आणि त्या पाट्यांची कुरकूर कित्येकांच्या कानांत अजून असेल. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण एकमेकांवर घासणाऱ्या दोन कोरड्या वस्तू कुरकुरतात हा धडा तिच्याबरोबर गेलेला नाही.

मात्र कानावर आंधळा विश्वास ठेवू नये. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५,००० मीटर जातो, हवेतून सुमारे ३४० मीटर. म्हणजे गाडीचा सांगाडा हवेपेक्षा जवळजवळ पंधरा पट वेगाने आवाज वाहून नेतो. त्यामुळे उजवीकडचा ठोका डावीकडे ऐकू येतो, आणि मागच्या बाजूची खडखड चालकाला पुढची वाटते. म्हणून आधी घरातले चोर पकडावेत. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी, सायलेन्सरला टांगणारे रबर, बॅटरीचा पट्टा, नंबरप्लेट हे सारे घट्ट आहे ना ते पाहावे. मग खडीच्या रस्त्यावर सावकाश जाताना ब्रेकवर हलकासा पाय ठेवावा. आवाज तेवढ्यापुरता थांबला तर ब्रेकच्या पॅडचा संशय धरावा; शॉकअपला त्यात ओढू नये. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने मागे बसून ऐकावे. भिंतीच्या कडेने काच खाली करून जावे, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येतो. हे सगळे होईपर्यंत एकही पाना हाती घ्यायचा नाही.

नंतर गाडी उभी करून हाताने तपासावे. एकाने बॉनेटचा कोपरा दाबून हेलकावावा, दुसऱ्याने स्प्रिंगवर, माउंटिंगवर, लिंक रॉडवर आळीपाळीने बोटे टेकवावीत. कानाला जे फसवे वाटते ते बोटांना स्पष्ट कळते. ठोका ज्या सांध्यात आहे तिथे तो बोटावर टिचकीसारखा लागतो. कोपरा दाबून सोडला आणि गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉकअप अगदीच निकामी नाही एवढेच कळते. तो उत्तम आहे असे सिद्ध होत नाही. कारण हाताने दाबण्याचा वेग फार कमी, आणि खड्ड्यातला वेग फार मोठा.

मग गाडी जॅकवर उचलून घोडीवर ठेवावी. नुसत्या जॅकवर ठेवून कोणीही खाली जाऊ नये, मालक घाईत असला तरी. चाक घड्याळ समजून बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे, मग नऊ आणि तीनच्या जागी. आडवे हलले तर टाय रॉड पाहावा. उभे हलले तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. हालचाल बंद झाली तर चाकाचे बेअरिंग. तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा त्याच्या आसपासचा सांधा. लोअर आर्मच्या बुशांना टॉमीने हलकेच उचलून पाहावे. आणि एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. लिंक रॉडचा दोष गाडी उचलल्यावर पुष्कळदा लपतो, कारण दोन्ही चाके लोंबकळली की सांधा एका बाजूला ताणून बसतो. म्हणून तो चाके जमिनीवर किंवा रॅम्पवर असतानाच तपासावा. तरीही शंका राहिली तर दोन्ही बाजूंचे लिंक काढून गॅरेजच्या आवारात सावकाश एक फेरी मारावी. आवाज गेला तर चोर सापडला. मग लिंक परत बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर सोडू नये, कारण तिच्याविना गाडी वळणावर जास्त झुकते.

श्रोतेहो, इथवर केलेली तपासणी कोणत्याही गाडीला लागू आहे. आता त्या कळीकडे वळू. कमीजास्त होणाऱ्या शॉकअपचा एक मोठा फायदा असा की तो स्वतःच तपासणीचे साधन होतो. प्रथम कळ आज कुठे आहे ते मोजून वहीत लिहावे. बऱ्याच प्रकारांत पूर्ण कडक टोकापासून किती क्लिक किंवा किती वळसे मागे, असे मोजतात. टोकाला आल्यावर जोर करू नये. आतली झडप नाजूक असते. मग दोन्ही बाजूंना सारखाच बदल करून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी फिरवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर काहीच कळत नाही.

आता पाहा, काय काय घडू शकते. कळ कितीही फिरवली तरी आवाजात फरक नाही, असे झाले तर त्या आवाजाची वाट बहुधा शॉकअपमधून जात नाही. लिंक, बॉल जॉइंट, बुश यांच्याकडे परत जावे. कडक केल्यावर ठोका तीव्र झाला आणि नरम केल्यावर मंदावला, तर शॉकअपचा जोर जिथे सांगाड्याला भिडतो तिथे, म्हणजे वरच्या नटात, माउंटिंगमध्ये किंवा खालच्या बोल्टमध्ये पोकळी आहे असा संशय घ्यावा. लगाम जितका कडक, तितका तो पोकळीत जोराने आपटतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. एका खड्ड्यावर काही नाही, पण ओळीने तीन-चार उंचवटे आले की शेवटी ‘धप्प’ होते. परतीची चाल फार कडक केली की दबलेले चाक पुढचा उंचवटा येण्यापूर्वी खाली परतत नाही. गाडी पायरी पायरीने खाली बसत जाते आणि अखेर ठोकळ्यावर टेकते. इथे वस्तू मोडलेली नाही, जुळवणी चुकली आहे. परतीची चाल थोडी नरम केली की आवाज रास्त मार्गाने जातो.

यातला दुसरा प्रकारच घातक आहे, आणि त्यासाठीच मी हे उदाहरण निवडले. वरचा नट सैल आहे. मालकाने घरी बसून कळ नरम केली आणि ठोका जवळजवळ ऐकू येईनासा झाला. तो खूश. पण नट सैल तो सैलच आहे, माउंटिंगचे भोक दिवसेंदिवस मोठे होते आहे. बॉल जॉइंट झिजलेला असेल तर याहून वाईट. कळीने त्याचा आवाज कमी होत नाही, म्हणून कोणी रेडिओचा आवाज वाढवतो. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवे होऊन गाडी त्यावर कोसळते, आणि हे बहुधा वळताना किंवा ब्रेक दाबताना घडते. आवाज बंद करणे आणि दोष दूर करणे यांतला फरक असा जिवावर बेतणारा असतो. आमच्या क्षेत्रातही, ज्या कारखान्यात कुरकूर ऐकू येत नाही तिथे सर्व आलबेल आहे असे मानणारे व्यवस्थापक असतात. त्यांनी कळ फिरवलेली असते, एवढेच.

आता, नवे शॉकअप बसवल्यानंतर आलेल्या आवाजाची नेहमीची कारणे भराभर सांगतो. वॉशर आणि बाही यांचा क्रम चुकणे. वरचा नट हवेच्या गनने फिरवताना दांडाच फिरणे, आणि नट घट्ट झाला असा भास होणे. स्ट्रटच्या नळीत बसवायचा सुटा शॉकअप आत पुरता न आवळला जाणे. मग तो नळीतच वरखाली ठोके देतो. उंची बदलणाऱ्या प्रकारात स्प्रिंगखालची अडकण-चकती सुटणे. आखूड स्प्रिंग चाक लोंबकळल्यावर सैल होणे, आणि चाक टेकताच ‘टण्ण’ करून जागेवर बसणे. रबरी माउंटिंग काढून धातूचा गोलाकार सांधा बसवला असेल तर सारे बारीक आवाज आत येणारच. रबर हेच तर गिळत होते. गाडी खाली बसवली आणि लिंक रॉड जुन्याच लांबीचा ठेवला, तर तो शेजारी घासतो. आणि शेवटचे, फार ठिकाणी होणारे कारण म्हणजे लोअर आर्मचे बोल्ट चाके लोंबकळत असताना आवळणे. या बुशाचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. लोंबकळत्या स्थितीत आवळले की गाडी जमिनीवर येताच ते कायमचे पिळलेले राहते, कुरकुरते आणि अकाली फाटते. म्हणून शेवटचा आवळ गाडीचे वजन चाकांवर असताना, टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापाने द्यावा. आपण पाहिलेत, या यादीतल्या एकाही कारणाला नवा शॉकअप हे उत्तर नाही.

शॉकअपवर तेलाचा ओलसर थर दिसला म्हणून तो टाकून देण्याचीही घाई करू नये. दांड्याबरोबर तेलाचा पातळ अंश बाहेर येतोच. ओघळ खाली उतरला असेल, तर मात्र त्याचे आयुष्य संपले.

आता काम करणाऱ्या माणसाकडे येतो. स्ट्रट उघडायचा म्हणजे दाबलेल्या स्प्रिंगशी गाठ असते. त्या स्प्रिंगेत एका माणसाचा जबडा किंवा जीव घेण्याइतकी शक्ती साठलेली असते. तिला धरायला योग्य मापाचा स्प्रिंग कॉम्प्रेसर हवा, आणि स्प्रिंग बैठकीतून मोकळी झाल्याची खात्री होईपर्यंत वरच्या नटाला हात लावायचा नाही. तारेने किंवा दोरीने बांधून नट सोडणारी पोरे मी पाहिली आहेत. त्यांना धाडसी म्हणून पाठ थोपटणारे उस्तादही पाहिले आहेत. तो धाडसाचा नाही, साधन न पुरवण्याचा प्रश्न आहे. दाबलेल्या वायूच्या शॉकअपला भोक पाडणे किंवा गॅसने तापवणे हेही तसेच जिवाशी खेळणे. आणि ज्या कानावर हे सारे शास्त्र उभे आहे, त्या कानाचे काय? शेजारी पत्र्यावर हातोडा आणि डोक्यावर हवेची गन, अशा गोंगाटात मुलगा वर्षानुवर्षे उभा असतो. आठ तासांच्या कामाला ८५ डेसिबल ही अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने शिफारस केलेली मर्यादा आहे. गॅरेजमध्ये ती सहज ओलांडली जाते. ऐकणे हा ज्याचा धंदा, त्याचेच कान आपण धंद्यात खर्ची घालतो. कानात घालायच्या रबरी बोळ्याची किंमत फार नाही.

आता मजुरीचा प्रश्न. पुष्कळ ठिकाणी बिलात दोनच रकाने असतात, सुटे भाग आणि ते बसवण्याची मजुरी. शोधण्याला रकाना नाही. एखाद्या मिस्त्रीने तासभर राबून सैल नट शोधला आणि आवळला, तर बिल जवळजवळ शून्य, मालक म्हणतो, “नट तर आवळलास!” त्याच मिस्त्रीने न तपासता दोन शॉकअप बदलले असते तर मालाची विक्री, मजुरी, सगळेच झाले असते. व्यवस्थाच अशी आहे की प्रामाणिकाला तोटा आणि अंदाजपंचे दाहोदरसेला नफा. एका गॅरेजात तर महिन्याला किती माल खपवला यावर कामगाराची बक्षिसी ठरत असे. आमची मागणी साधी होती: तपासणीची वेगळी मजुरी लावा, ग्राहकाला आधी सांगा, आणि तपासणी कार्डावर निदान लिहून त्याखाली शोधणाऱ्याचे नाव घाला. बऱ्याच वाटाघाटींनंतर ती मान्य झाली. माल पूर्वीपेक्षा कमी खपला, पण एकच गाडी त्याच तक्रारीसाठी पुन्हा येणे कमी झाले; आणि पहिल्यांदाच मिस्त्रीचे नाव कागदावर आले.

वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे शब्द असतात. पान्याने बोल्ट काढणाऱ्याला आपण कोणत्या रकान्यात घालतो आणि बोट टेकवून ठोका ओळखणाऱ्याला कोणत्या? हे दुसरे कौशल्य डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते मोजले जात नाही. आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. याच महाराष्ट्रात शॉकअप बनतात. गॅब्रिएल इंडिया ही त्यांचे उत्पादन करणारी कंपनी १९६१ सालीच मुंबईला स्थापन झाली. वस्तू घडवण्याची विद्या आपल्याकडे आली. वस्तूची तक्रार ऐकण्याची विद्या मात्र अजून उस्तादाच्या डोक्यात आहे आणि त्याच्याबरोबर जाते. ती वहीत उतरली पाहिजे. प्रत्येक गॅरेजमध्ये एक वही असावी: कोणती गाडी, कोणता आवाज, केव्हा येतो, संशय कशाचा होता, निघाले काय. वर्षभरात ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची होईल, आणि ती कामगारांनी लिहिलेली असेल.

ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांना माझी एकच विनंती. पुढच्या वेळी गाडी कुरकुरली तर मिस्त्रीला “अमुक भाग बदल” असा हुकूम देऊ नका. “आवाज असा येतो, तेव्हा येतो, शोधून काढ, शोधण्याचे पैसे देईन,” असे म्हणा. त्याला बाजूच्या आसनावर बसवून एक फेरी मारा. त्यात तुमचा पैसा वाचेल, कदाचित जीवही वाचेल, आणि एका माणसाच्या ज्ञानाला त्याचा मान मिळेल.